जुगाऱ्याची पालथी टोपी

१

लॉरेन्स केड खाणीच्या विहिरीत मरून पडला होता आणि त्याची टोपी मात्र वर काठावर व्यवस्थित ठेवलेली होती.

आमच्या सोडा वेल्स गावाच्या मागे चांदीची जुनी खाण आहे. चांदी संपून जमाना झाला. उरल्या त्या उघड्या विहिरी. दर दोन-चार वर्षांनी एखादी मेंढी पडते, कधी दारुडा पडतो. पण सिनेमाचा नायक पडल्याचं नेवाडात कोणी ऐकलं नव्हतं.

त्या वसंतात कंपनी आमच्या गावात 'ड्राय फोर्कचा जुगारी' या चित्रपटासाठी उतरली होती. गावाबाहेर त्यांनी फळ्यांचं एक खोटं गाव उभारलं, त्यात दारूचा खोटा गुत्ता, खोटी बँक, खोटा फास. माझं थिएटर त्यांनी सकाळपुरतं भाड्याने घेतलं. शहरातून धुऊन आलेली रिळं तिथे लावून बघायची असत. नवरा गेल्यापासून मशीन मीच चालवते, त्यामुळे या माणसांना मी जवळून पाहत होते.

टोपीजवळ सगळ्यांत आधी पोचला तो माझा भाऊ बेन्यात. तो आमच्या तालुक्याचा शेरीफ. आमचा बाप मेंढ्या राखायला समुद्रापलीकडच्या, स्पेनकडच्या बास्क मुलुखातून आला. बेन्यातही तसाच, रुंद आणि सावकाश. डावा कान युद्धात गेला. लोक त्याला बहिरा समजून मोठ्याने बोलतात आणि मोठ्याने बोलताना नको तेवढं बोलून जातात.

डॉक्टर म्हणाला, "पाय घसरला. दुसरं काय?"

बेन्यातने टोपी उचलली. खाली पत्त्यांची पानं होती. काळे दोन एक्के, काळ्या दोन अठ्ठ्या.

जमलेल्या लोकांत कोणीतरी हळूच "देवा!" म्हणालं. पश्चिमेत पोराटोरांनाही ठाऊक आहे: पाठीत गोळी खाऊन मेलेल्या एका जुगाऱ्याच्या हातात हीच पानं होती. मेलेल्याचा हात, असंच म्हणतात त्याला.

"पाय घसरला नाही," बेन्यात म्हणाला. "याला ढकललंय. आणि ढकलणारा अजून आपल्यातच उभा आहे."

२

"टोपीवरून कसं कळलं रे तुला?" त्या रात्री मी त्याला विचारलं. लसणाचं सूप समोर निवत होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"केड कुठला?"

"वायोमिंगचा. गुरांच्या रँचवर वाढला म्हणायचा."

"मग तो टोपी कशी ठेवेल?"

मी माझ्या बापाची टोपी आठवली. रानातला माणूस टोपी नेहमी उताणी ठेवतो, कड वर. पालथी ठेवली तर आतलं नशीब सांडून जातं. केड आमच्या घरी जेवायला आला की दाराशी त्याची टोपी अशीच, कटोऱ्यासारखी उताणी पडलेली असे.

"ही पालथी होती," बेन्यात म्हणाला. "डोक्यावर असती तर त्याच्याबरोबर खाली गेली असती. त्याने स्वतः काढली असती तर उताणी ठेवली असती. म्हणजे तो पडल्यावर दुसऱ्याच कोणीतरी ती ठेवली. का? तर वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून."

"पण ही पानं त्याला आधीही मिळाली होती. त्याच्या आरशापुढे ठेवलेली मीच पाहिली. हसला आणि खिशात टाकली."

"तू मला सांगितलं नाहीस?"

"सिनेमावाल्यांची थट्टा वाटली."

बेन्यातने सूप बाजूला सारलं. "पानं कुठल्या जोडातली आहेत ते मी बघून आलोय, माइते. ती सायलस पॉम्रॉयच्या जोडातली आहेत."

३

सायलस पॉम्रॉय हा खराखुरा जुगारी. आयुष्य जहाजांवर आणि खाणींच्या छावण्यांत गेलं, आता पाठ वाकली होती. पण हात अजून वीस वर्षांच्या पोराचे. पडद्यावर जुगाऱ्याचे पत्ते पिसणारे हात दिसत ते सायलसचे, आणि चेहरा केडचा. आदल्याच आठवड्यात केडने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, आता पत्ते मीच पिसणार, म्हाताऱ्याच्या हातांची गरज नाही.

बेन्यात त्याच्याकडे गेला तेव्हा मीही बरोबर होते. आरशापुढची पानं पाहिलेलं कोणीतरी हवं, असं निमित्त होतं.

"राग आला होता तुम्हाला?" बेन्यातने विचारलं.

"राग?" म्हातारा खाकरला. "अरे, मीच शिकवलं त्याला! चांगला शिकला बेटा. जायच्या आधी माझे हात कोणाच्या तरी अंगात ठेवून जातोय, याचा आनंद झाला होता मला. तुला नाही कळायचं."

"पानं तुमच्या जोडातली आहेत."

"माझा जोड त्या गुत्त्यातल्या टेबलावर उघडा पडलेला असतो. उद्या कोणी माझी काठी घेऊन कोणाचं डोकं फोडलं तर मलाच धरशील?"

"दुपारी कुठे होता?"

"खाटेवर. पाठ धरली होती. साक्षीदार म्हणशील तर एक ढेकूण."

उठता उठता त्याने बेन्यातची बाही धरली. आवाज एकदम उतरला होता. "पोरा, मरायच्या आधी दोन दिवस केड मला म्हणाला, 'सायलस, या गोष्टीचा बाप वेगळाच आहे.' मी म्हटलं, कुठल्या गोष्टीचा? म्हणाला, 'याच, या सिनेमाच्या. मी ती आधी ऐकली आहे. लढाईच्या काळात जखमी पोरांना हसवायला हिंडत होतो ना, तेव्हा पॅसिफिकच्या एका बेटावर, हॉस्पिटलात. मोंटानाच्या एका नॉर्वेजियन पोराने सांगितली होती. वाचला नाही तो.'"

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, रविवारपर्यंत वाट बघतो."

केड मेला तो शनिवारी.

४

बेन्यातने संशयितांना एकेक करून बोलावलं नाही. तो त्यांच्याकडे गेला, पायऱ्यांवर बसला, तंबाखू मागितली.

दिग्दर्शक गस मेरिक येरझाऱ्या घालत होता. "शेरीफसाहेब, माझा नायक मेला, माझा चित्रपट मेला. मी कशाला मारू त्याला? आणि सबंध दुपार मी कॅमेऱ्याला चिकटून होतो. व्हर्ना जिन्यावरून उतरते तो शॉट. दिवे लावण्यातच दुपार गेली. एकच टेक घेतला."

"केड त्यात नव्हता?"

"नव्हता. तो रोज दुपारी त्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा, संवाद पाठ करायला. सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याला कितीदा सांगितलं, तिथे बसू नकोस. म्हणायचा, त्या काळोखात बोललं की आवाज परत येतो, चूक लगेच कळते."

नायिका व्हर्ना कोल ट्रेलरच्या पायरीवर बर्फाचा खडा मानेवर फिरवत बसली होती. डोळे सुजलेले.

"लोक म्हणतात, तुमचं आणि केडचं बिनसलं होतं," बेन्यात म्हणाला.

"लोकांच्या तोंडात किडे पडोत! मी त्याला लग्नाचं विचारलं, तो नाही म्हणाला. नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मारत बसले तर हॉलिवूड ओस पडेल."

"शनिवारी दुपारी?"

"मी त्या भट्टीत होते, आणखी कुठे? ते दिवे, ती लाल मखमल, वर गस ओरडतोय. उकडून लगदा झाला माझा. शॉट संपला तशी अंगावरून ओरबाडून काढली आणि पाण्याखाली जाऊन उभी राहिले. बाहेर आले तर..." तिने बर्फाचा खडा फेकून दिला. "तर सगळे विहिरीकडे पळत होते."

शेवटी उरला तो लेखक, फिलिप स्ट्राउड. बोस्टनचा, गोरापान, बोलणं गुळगुळीत. युद्धातून मांडीला जखम घेऊन आलेला आणि त्याच्या पहिल्याच कथेवर हा मोठा चित्रपट. हातात सतत पेन्सिल.

"मीही सेटवरच होतो," तो म्हणाला. "कॅमेऱ्याच्या मागे. विचारा कोणालाही."

आम्ही विचारलं. कोणी हो म्हणालं, कोणी असेल म्हणालं. त्या झगझगीत दिव्यांच्या मागे एवढा काळोख असतो की शेजारी कोण उभं आहे तेही दिसत नाही. होता असं कोणी छातीठोक सांगेना, नव्हता असंही सांगेना.

"आता?" परत येताना मी म्हटलं.

बेन्यात वाळवंटाकडे बघत होता. "आता काही नाही. शनिवारचं रीळ शहरातून कधी येतं?"

"येईल दोन दिवसांत. का?"

"आलं की सगळ्यांना बोलाव. आणि माइते, स्ट्राउडला पुढची खुर्ची दे."

५

बाहेर कडकडीत ऊन होतं. दारं लावली आणि माझं थिएटर खाणीसारखं काळं झालं. रीळ फिरू लागलं.

आधी शनिवारच्या सकाळचे तुकडे आले. मला कल्पना नव्हती. एकाएकी सबंध पडदाभर केडचा चेहरा उभा राहिला, करडा, जिवंत, डोळ्यांत पाणी चमकतंय. त्याने सरळ आमच्याकडे बघितलं आणि तो म्हणाला, "आज रात्री या टेबलावरून एक जण उठणार नाही."

व्हर्ना किंचाळली. गस मेरिकने तोंडावर हात घेतला. पुढच्या खुर्चीत स्ट्राउड मात्र हललाही नाही. खुर्चीचा हात त्याने इतका आवळला होता की लाकूड करकरलं.

मग दुपारचा तो शॉट आला. गुत्ता, धूर, माणसांची दाटी. जिन्याच्या वरच्या पायरीवर काळ्या झग्यातली व्हर्ना. ती खाली येऊ लागते तोच वरच्या झुंबरातला एक दिवा फुटतो, काचांचा पाऊस पडतो, एक म्हातारा छातीवर क्रूस काढतो, आणि ती थांबत नाही. काचांवरून चालत सरळ कॅमेऱ्याकडे येते. अपघातच तो, पण असा शॉट ठरवून घेता येत नाही. म्हणूनच गसने दुसरा घेतला नव्हता.

दिवे लागले.

बेन्यात उठला. "बाहेरच्या खोलीत मका भाजलाय. या सगळे. जरा बोलू."

त्याने दाराला आतून कडी घातल्याचं फक्त मी पाहिलं.

६

"मी गावंढा माणूस," बेन्यात म्हणाला. "सिनेमातलं मला कळत नाही. त्या दुपारी आत काय काय झालं, ते डोळ्यांनी पाहिलेल्या कोणीतरी मला नीट सांगा. स्ट्राउडसाहेब, तुम्ही लेखक. तुम्हीच सांगा."

स्ट्राउडला ते आवडलं. तो आता सैलावला होता. "तो क्षण मी विसरणार नाही. मी कॅमेऱ्याच्या डावीकडे होतो. दिवा फुटला, सगळे दचकले. तो म्हातारा क्रूस काढत होता. आणि व्हर्ना त्या काळ्या झग्यात, एखाद्या शोकात बुडालेल्या राणीसारखी, काचा तुडवत—"

"थांबा, थांबा." बेन्यातने चांगला कान पुढे केला. "हा कान दगा देतो. कसल्या झग्यात?"

"काळ्या."

"मोठ्याने बोला."

"काळ्या! काळ्या झग्यात!"

मक्याचा एक दाणा फुटला. व्हर्ना त्याच्याकडे बघत होती, जशी एखादी बाई अंथरुणातल्या सापाकडे बघेल.

"फिलिप," ती म्हणाली, "झगा लाल होता."

स्ट्राउड हसला. "काय बोलतेस? मी स्वतः लिहिलंय, काळं रेशीम—"

"लिहिलं असशील. जेवणानंतर तो काळा झगा जिन्याच्या खिळ्याला अडकून बगलेपासून फाटला. ट्रंकेत एक लाल मखमलीचा होता, तो मला चढवला. लालभडक, शेंदरासारखा. गस म्हणाला, फिल्मवर लाल काय नि काळं काय, सारखंच दिसतं."

"सेटवरचा प्रत्येक माणूस त्यावर हसत होता," गस हळूच म्हणाला. "मीसुद्धा."

मलाही तेव्हाच उमगलं. मी त्या दुपारी तिथे नव्हते. रीळ बघताना मलाही तो झगा काळाच दिसला होता. आमच्या काळ्या-पांढऱ्या पडद्याला रंग नसतो. जो तिथे होता त्याला लाल आठवणार, आणि ज्याने नुसता पडदा बघितला त्याला काळा.

"तुम्ही जेवणानंतर सेटवर नव्हता," बेन्यात म्हणाला. आवाज तसाच, सावकाश. "विहिरीवर होता. केड संवाद म्हणत बसला होता, पाठ तुमच्याकडे. त्याने रविवारपर्यंतची मुदत दिली होती तुम्हाला. त्याआधी तुम्ही पानं ठेवून त्याला भिववायला बघितलं, तो हसला. मग तीच युक्ती सायलसच्या गळ्यात बांधलीत. पण म्हातारा खरा जुगारी. तो एक वेळ माणूस मारेल, टोपी पालथी ठेवणार नाही. पानांवर दगड ठेवला असता त्याने. मेलेल्याचा हात, वाऱ्यात टोपी... असला थाट खऱ्या जुगाऱ्याला सुचत नाही. तो सुचतो जुगाऱ्याची गोष्ट लिहिणाऱ्याला."

स्ट्राउडच्या हातातली पेन्सिल मोडली. त्याने दाराकडे पाहिलं, कडी पाहिली आणि खाली बसला.

"झगा लाल की काळा," तो म्हणाला, "यावर माणूस फासावर जात नाही, शेरीफ."

आणि वाईट गोष्ट ही, की त्याचं खरं होतं.

७

रीनो शहरातून त्याचा वकील आला, तोही तेच म्हणाला. घाईत रंग चुकला. आणि कारण काय? गोष्ट चोरली? कोणाची? एका मेलेल्या म्हाताऱ्याने एका दुसऱ्या म्हाताऱ्याला सांगितलेली ऐकीव गोष्ट!

केड म्हातारा नव्हता, पण वकिलाला त्याचं काय.

बेन्यातने तारा ठोकल्या. स्ट्राउड कुठल्या हॉस्पिटलात होता, शेजारच्या खाटेवर कोण होतं. उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्यात कंपनीने खोटं गाव मोडायला घेतलं. रोज संध्याकाळी खिडकीतून बघावं तर एक घर कमी झालेलं. मला भीती वाटू लागली होती की सगळं असंच फळीफळीने निघून जाईल आणि तो माणूस पेन्सिल फिरवत गाडीत बसेल.

मग तारेचं उत्तर आलं आणि त्यामागोमाग मोंटानाहून हल्दा नॉर्डगार्ड आली. उंच, हाडकुळी, उन्हाने तांबूस झालेली शेतकरी बाई. तिचा मुलगा एमिल लढाईत पॅसिफिकमध्ये गेला होता. पोटात गोळी लागली होती. शेवटचे दिवस तो स्ट्राउडच्या शेजारच्या खाटेवर होता.

न्यायाधीशांनी आधी गस मेरिकला आपल्या खोलीत नेऊन विचारलं, चित्रपटाचा शेवट काय? तो शेवट अजून चित्रित झाला नव्हता, स्ट्राउडने एकट्या गसला तोंडी सांगितला होता. मग सगळ्यांसमोर हल्दाबाईला उभं केलं.

"तुमचा मुलगा जुगाऱ्याची गोष्ट सांगायचा?"

"सांगायचा. गाई पिळताना. आपल्या बापाची गोष्ट होती ती, थोडी वाढवलेली." तिचा आवाज कोरडा होता. "समोर एक नवा शेतकरी बसलेला असतो. जमीन, घर, सगळं टेबलावर. जुगाऱ्याच्या हातात जिंकणारी पानं असतात. तो ती पालथी टाकतो, हरलो म्हणतो आणि बाहेर वादळात निघून जातो. कोणी ती पानं बघत नाही. एक बाई बघते. उचलून बघते, परत ठेवते. सगळे विचारतात, काय होतं त्याच्या हातात? ती म्हणते, 'काही नव्हतं.'"

गस मेरिकने मान खाली घातली. न्यायाधीश त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांना विचारायची गरज उरली नव्हती.

स्ट्राउड एकदम उभा राहिला. वकील त्याची बाही ओढत होता. "मी चांगली लिहिली ती!" तो ओरडला. "त्याच्याबरोबर जमिनीत गेली असती! मी जगवली ती. केडला सांगितलं, पुढच्या चित्रपटात नाव घालतो म्हणून. ऐकायलाच तयार नव्हता. पाठ फिरवून संवाद म्हणायला लागला, माझेच संवाद—"

"कोणाचे?" हल्दाबाईने विचारलं.

त्यानंतर त्याला कोणी काही विचारलं नाही.

८

सुनावणी संपल्यावर मी हल्दाबाईला माझ्या घरी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने मटणाचा रस्सा आणि पाव डब्यात भरून मागितला. मला वाटलं, गाडीत खायला.

ती निघाली ती थेट बेन्यातच्या कोठडीकडे.

"आत जाऊ नका," बेन्यात म्हणाला. "त्याला बघून तुम्हाला काय मिळणार?"

"माझ्या पोराला शेवटचं ज्याने ऐकलं, असा जगात हा एकच माणूस उरलाय," ती म्हणाली. "तुम्ही त्याला फासावर देणार. द्या. मी अडवत नाही. पण त्याआधी मला तो हवाय."

बेन्यातने माझ्याकडे पाहिलं. मी एक खुर्ची आणून गजांसमोर ठेवली.

स्ट्राउड भिंतीकडे तोंड करून पडला होता. डबा गजांतून आत सरकला तरी तो वळला नाही. ती बसली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"एमिल तिथे पुष्कळ गोष्टी सांगायचा का?"

भिंतीकडून आवाज आला. "सांगायचा. झोप येत नसे त्याला."

"ही एकच?"

"नाही. खूप होत्या."

"तुला आठवतात?"

तो हळूहळू उठून बसला. चेहरा राखेसारखा झाला होता. "सगळ्या," तो म्हणाला.

हल्दाबाईने खुर्ची गजांच्या जवळ ओढली.

"मग सांग," ती म्हणाली. "आणि या खेपेला आधी त्याचं नाव घे."